आप्पांच्या खोलीतला एसी

आई, आप्पांच्या खोलीत एसी बसवला. एवढंच सांगायचं असतं, तर तुझ्या फोटोसमोर उदबत्ती लावताना सांगून मोकळी झाले असते. पण हल्ली उदबत्ती लावताना मी तुझ्याकडे बघतच नाही, म्हणून लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा माझी लेक पाळण्यात होती, आता ती दहावीला आहे. आप्पांना गेल्या वर्षी मी कवठे महांकाळहून इथे, मलकापूरला, माझ्याकडे घेऊन आले. लेकीच्या घरी राहायचं म्हणून ते अजून पाहुण्यासारखे वागतात. चहा हवा असला तरी मागत नाहीत, नुसते दोनदा खोकतात. त्यांना दिलेली खोली वरची, पश्चिमेची. दुपारी स्लॅब तापला की भिंतीला हात लावावा तर चटका बसतो. एप्रिलमध्ये ते तिथेच चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त झालंय, यांना उकाड्यात ठेवू नका. घरी आल्यावर हे म्हणाले, "चांगल्यातला एसी घे, मागेपुढे बघू नकोस." म्हणजे पुढे दुकानात मी जे केलं, ते नवऱ्याच्या नावावर खपवायचीही सोय नाही.

कराडला दुकानात गेले. दुकानदार बोलका होता. म्हणाला, "ताई, साधा एसी कसा, एकदम जोरात चालतो, खोली गार झाली की थांबतो, तापली की पुन्हा जोरात सुरू. इन्व्हर्टरवाला गार झाल्यावर हळू होतो पण चालूच राहतो, म्हणून लाईट कमी खातो. घेताना जास्त जातात, पण दिवसभर चालणार असेल तर तीन-चार उन्हाळ्यांत वसूल." आई, त्या गार दुकानात उभी राहून मी आप्पांचे उन्हाळे मोजले. डॉक्टरांचा चेहरा आठवला, आप्पांच्या घोट्यांवरची सूज आठवली, आणि वाटलं, तेवढे काही निघायचे नाहीत. मग जादा पैसे कशाला घालायचे? भाजी घेताना यावा तितक्या सहज तो विचार आला. त्याची मला नंतर जास्त लाज वाटली. मी म्हटलं, "साधाच द्या."

वर कारणही तयार होतं, आणि ते खोटं नव्हतं. आप्पांना विनाकारण चालू राहिलेली वस्तू बघवत नाही. पाण्याची पाळी संपली की भरल्या ताटावरून उठून मोटर बंद करायला जाणारा माणूस तो. तू न्हाणीत असलीस तरी बाहेरून दिवा घालवायचे, आणि मग तू आतून त्यांचा जो उद्धार करायचीस तो अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा! असा माणूस खोली गार झाली की एसी बंद करणारच. दुकानदार म्हणाला, "मग बाबांना साधाच बरा." फोनवर हेही म्हणाले, बरोबर आहे तुझं.

येताना रिक्षात तुझी वाकळ आठवली. आजोबा अंथरुणाला खिळले होते, तो हिवाळा. तू तुझी ठेवणीतली लुगडी चुलीशेजारी पसरून त्यांच्यासाठी नवी वाकळ शिवतेयस. मी पाटावर बसून भाकरी खातेय. शेजारच्या काकू दारातूनच म्हणतात, "आवं, आता कशाला नवी? म्हाताऱ्याचं दिस तरी किती ऱ्हायल्यात?" तू दातांनी दोरा तोडतेस आणि मान वर न करता म्हणतेस, "दिस मोजायला न्हाई बसली मी. त्यास्नी थंडी वाजती." केवढा अभिमान वाटला होता मला तुझा! आणि आता मी त्या काकूंच्या जागी उभी आहे. त्या निदान तोंडावर बोलल्या होत्या.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. आधी ते चिडलेच. "मला कशाला थंड पेटीत ठेवतीस?" मग विचारलं, "कंचा घेतलास?" मी दोन्हींतला फरक सांगितला आणि म्हटलं, "साधा घेतलाय. तुमी सारखा बंदच करणार की." ते हसले. "व्हय, ते खरं हाय." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पर बाळ, मी गेल्यावर ही खोली पोरीला अभ्यासाला हुईल. ती दिसभर बसंल हितं. तिला लागंल तसला घे की. मी काय, पावणा हाय." बाजारात जाऊन येतो म्हणावं तसं ते "मी गेल्यावर" म्हणाले. उन्हाळे त्यांनीही मोजले होते, आई. पण मी मोजताना त्यांच्यापाशी थांबले होते, आणि ते माझ्या लेकीपर्यंत गेले होते. चहा टाकते म्हणून मी खाली आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. दूध उतू गेलं ते मग पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी आप्पांना नाश्ता द्यायला वर गेले, तेव्हा तिथूनच दुकानात फोन करून साध्याऐवजी इन्व्हर्टरवाला पाठवायला सांगितलं. तो आता बसलाय. खोली गार झाली की आप्पा बंद करतात, मी जाऊन चालू करते. "आवं आप्पा, ह्यो चालू ठेवला तरच लाईट कमी खातोय." "असलं कसलं गं यंत्र, चालू ठिवल्यावर वाचतंय?" आमचं हे भांडण रोजचं. परवा मामा भेटायला आला, तर आप्पांनी त्याला हाताला धरून वर नेलं. "बघ, लेकीनं माझ्यासाठी भारीतला घेतलाय." मामा माझ्याकडे कौतुकाने बघत राहिला आणि मी पंख्याचं बटण चाचपत उभी राहिले.

हा कागद तुझ्या फोटोमागे ठेवणार होते, पण फोटो रोज आप्पाच पुसतात. फाडूनच टाकेन. तुला एकच सांगायचं राहिलं. त्या सकाळी फोनवर बोलताना आप्पा समोर कॉटवर बसून पोहे खात होते, आणि मी त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते, लेकीचं टेबल तिथे बसेल का ते.