देव्हाऱ्यातला भोजराजा

मी, आधार झिपरू महाजन, वय ६८, धंदा ऑइल इंजिन दुरुस्ती व विक्री, राहणार सोनगीर, ता. जि. धुळे. गुडघे गेले; डोकं आणि कान शाबूत आहेत. रस्त्यावरून इंजिन ऐकून काय बिघडलंय ते आजही सांगतो. तेव्हा कोणाच्या दबावाखाली नव्हे, स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र करून ठेवतो.

१) जळगावचं दुकान, मालासह, मुलगा छगन याचं. त्यानेच ते वाढवलं. गिऱ्हाईक बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, एवढं बापाचं सांगणं.

२) पान्यांची पेटी माझा कारागीर भिकन याला द्यावी. मेहुणे रुपचंद यांनी मागितल्यास नाही म्हणावे. त्यांनी नेलेली आमची शिडी अजून त्यांच्याच गच्चीला टेकलेली आहे.

३) चांदीचं पदक. इंजिन कंपनीने आपल्या रौप्यमहोत्सवात जुन्या मेकॅनिकांना दिलं. कंपनी माळव्यातली, म्हणून त्यावर घोड्यावर बसलेला राजा भोज. घरी आणलं तसं पत्नी मंजुळाबाईने ते देव्हाऱ्यात खंडेरावाच्या टाकाशेजारी ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. घोडा पाहून तिला देवच वाटला असेल, असं समजून मी गप्प राहिलो; मनात हसायचो मात्र. गेल्या दसऱ्याला छगन तिला म्हणाला, "आई, हा देव नाही, राजा आहे. दुकानात काचेच्या कपाटात लावतो." मी ओट्यावर बसलो होतो. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "माले म्हाईत शे तो राजा शे. तुना बापना हात काया व्हयनात, तवय तो घरमा उना. देवजोडेच ऱ्हाई."

छगन मान खाली घालून बाहेर आला. तेलाने काळ्या पडलेल्या माझ्या हातांकडे मी पाहिलं, माझंही हसू तिथेच संपलं. पदक मंजुळाबाईचं.

४) सोनगीरचं घर. माझ्यामागे ते विकून आईला जळगावी न्यावं, असं छगनच्या मनात आहे. हेतू चांगला, पण तिला विचारलं कोणी? घर पूर्ण मालकीने मंजुळाबाईचं, हयातीपुरतं नव्हे. ठेवावं, विकावं, तिची मर्जी. देव कुठे राहतील आणि राजा कुठे राहील, तेही तीच ठरवील.

५) वकिलांच्या मसुद्यात 'पत्नी अशिक्षित व अजाण असल्याने तिचे व्यवहार मुलाने पाहावेत' अशी ओळ होती. ती काढायला लावली. ते म्हणाले, नाना, ही नेहमीचीच ओळ आहे. म्हटलं, वकीलसाहेब, खोडा.

सर्व वाचून दाखवलं, बरोबर निघालं, खाली सही केली.

आधार झिपरू महाजन

साक्षीदार:
रतिलाल दगडू सोनार, सोनगीर
उखर्डू नामदेव पाटील, सोनगीर

सोनगीर, दि. १२ नोव्हेंबर १९९१