वाटीवरचं नाव

८ जानेवारी, बुधवार

पोट इतकं भरलंय की पेन धरवत नाही! सावरढव तांड्यावरून आत्ताच आले. जिल्ह्याचा अन्नसुरक्षा आराखडा होतोय. ज्या वस्त्यांना रेशन दुकान लांब पडतं, तिथे महिन्यातून दोनदा धान्याची गाडी जाणार. उमरखेड तालुक्याच्या वाट्याला फक्त सहा वस्त्या. कोणत्या, ते तहसीलच्या पुरवठा शाखेनं पाहणी करून कळवायचं. पुरवठा शाखा म्हणजे मी, आणि एक खडखडणारा पंखा.

तांड्यात सगळी बंजारा घरं. तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारे आणि लेकरं. तांड्याचे नायक सेवादास मला रुपीबाईंच्या ओट्यावर घेऊन गेले. रुपीबाई सत्तरीच्या, अंगानं काडी, आवाज तहसीलदाराचा. मी फॉर्म काढला तर म्हणाल्या, आधी जेवण. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, लसणाची चटणी, वरणावर तूप — आणि वाढताना हात आखडता नाही! प्रत्येक वाटी वेगळ्या घाटाची. बाजारातून जमेल तशी एकेक घेतली असणार, असं माझं मीच ठरवून टाकलं.

मग फॉर्म. दोन वेळा जेवता? हो. धान्य पुरतं? हो. कोणी उपाशी झोपतं? रुपीबाई नुसत्या हसल्या. मी 'गरज नाही'वर खूण केली. किती समाधानी माणसं! घरी येऊन यांना सगळं वर्णन करून सांगितलं, तर नरहररावांचा एकच प्रश्न — मग आपल्याकडे आज काय?

१० जानेवारी, शुक्रवार

सहा वस्त्यांची यादी जिल्ह्याला गेली. मुदतीच्या एक दिवस आधी! त्यात सावरढव नाही. साहेब म्हणाले, कुंदाताईंचं काम म्हणजे बघायला नको.

खरंच बघायला नको.

१९ जानेवारी, रविवार

आज आमच्याकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू. तीसेक बायका आल्या. उसळीला वाट्या कमी पडल्या म्हणून शेजारून मागवल्या होत्या. सगळ्या गेल्यावर घासून पुसून वेगळ्या करत बसले. ही नंदाबाईंची, ही समोरच्यांची. बरं की आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, नाहीतर भांडणंच.

आणि हात तिथेच थांबला.

तांड्यावरच्या वरणाच्या वाटीवर 'बबिता' होतं. तुपाच्या वाटीवर 'लालीबाई'. भाजीच्या वाटीवर 'प्रेमसिंग'. मी वाचलं होतं! वरण ओरपता ओरपता वाचलं होतं, आणि घाट बघत बसले. रुपीबाईंच्या घरचं त्या ताटात काय होतं? ताट. आणि कदाचित चटणी.

चार घरांनी मिळून मला जेवू घातलं. आणि मी लिहून आले — गरज नाही. तिळाचा लाडू तोंडात होता, तो गोड लागेना.

२० जानेवारी, सोमवार

रजा टाकून, न कळवता गेले. रुपीबाई चुलीपुढे. ताटलीत भात, मीठ, एक मिरची. मला बघून ताटली मागे सारली आणि उठून कोणाला तरी हाक मारणार, तेवढ्यात मी हात धरून खाली बसवलं. आज मी पाहुणी नाही, म्हटलं.

मग थोडं थोडं बाहेर आलं. दुकान नाल्यापलीकडे, सहा किलोमीटर. झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. गेल्या महिन्यात तीनदा गेल्या, तिन्हीदा हात हलवत परत. तांड्यातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचं हेच. एका घरी असलं की चार घरी जातं, नसलं की नसतं.

मी विचारलं, मग त्या दिवशी खोटं का सांगितलंत?

"खोटं कायले सांगू? त्या दिशी तं जेवलोच आमी, पाव्हनी होती ना घरी. अन् पाव्हन्याच्या तोंडावर उपाशी हाव म्हनलं, तं त्याच्या घशाखाली घास उतरन का?"

तिथे रडले नाही. एसटीत रडले, खिडकीकडे तोंड करून.

२२ जानेवारी, बुधवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी कपाळ चोळत सांगितलं. यादी बदलायची तर मी लेखी द्यायचं की पाहणी चुकली. म्हणजे सेवापुस्तकात शेरा. जूनमध्ये मी निवृत्त. आजवर पान कोरं.

दोन ओळींत लिहून दिलं. अक्षर चांगलं आलं!

जिल्ह्याचा माणूस तीस तारखेला खातरजमा करायला येणार. त्याला पटलं तर तांडा यादीत, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मी नसेन, आणि रुपीबाईंना वर्षभर काय सांगू, थांबा?

२७ जानेवारी, सोमवार

तांड्यावर जाऊन हात जोडले. तीस तारखेला येणाऱ्या साहेबांना चहासुद्धा देऊ नका. आहे ते दाखवा. रुपीबाई माझ्याकडे असं बघत राहिल्या, जणू मी चोरीच करायला सांगतेय.

"सरकार असो का कोनी असो. तांड्यावरून पाव्हना उपाशी जानार नाई. गाडी नाई आली तं नाई आली."

नायकही त्यांच्याच बाजूचे. मी आवाज चढवला, त्यांनी माझ्यापेक्षा चढवला. फणफणत घरी आले. यांना म्हटलं, आता त्या तूप वाढणार आणि तो 'गरज नाही' लिहिणार, माझ्यासारखाच. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, पानावर बसलेल्याला उठवता येत नाही. जेवण झाल्यावर काय करता येतं ते बघ.

जेवण झाल्यावर काय करतात? भांडी!

३० जानेवारी, गुरुवार

पियूष नावाचे तिशीतले अधिकारी, हातात टॅब. रुपीबाईंनी ताट मांडलं — तेच सगळं, तूपसुद्धा. पियूष पोटभर जेवले. म्हणाले, इथे तर छानच चाललंय की. मी वाट्या उचलल्या.

वाट्या विसळून मी त्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, साहेब, नावं वाचा. वाट्या ज्याच्या त्याला परत करायच्या आहेत, जेवलेल्यानंच नेऊन द्याव्यात. ही पद्धत मीच काढलेली! रुपीबाईंनी डोळे वटारले, पण अडवलं नाही. रिकामी वाटी परत करायची नसते, म्हणून मी तिळगूळ नेला होता. प्रत्येक वाटीत मूठमूठ घातला.

लालीबाईंकडे तुपाची बाटली उपडी घातलेली, शेवटचा थेंब उतरावा म्हणून. बबिता ऊसतोडीला गेलेली, तिची आंधळी सासू डाळीचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलेली. प्रेमसिंग एकटे, ऐंशीच्या घरात. त्यांची चूल गारच होती. वाटी घेत त्यांनी मोठ्या उमेदीनं विचारलं, "भाजी बरी झाली होती ना, साहेब?"

पियूष 'हो' म्हणाले आणि पाठमोरे झाले. टॅब नंतर कितीतरी वेळानं उघडला.

मला लाज वाटली. तांड्याची भूक दाखवायला मी साहेबांना दारोदार फिरवलं. निघताना रुपीबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, भांडी परत कराले रागवाचं काय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

यादी आली. सहा नाहीत, सात वस्त्या! कोणाचंही नाव न कापता सावरढव घातलं. गव्हाबरोबर ज्वारीचाही प्रस्ताव आहे. माझ्या सेवापुस्तकात शेराही आला. यांनी जिलबी आणली — कशाबद्दल, विचारलं तर म्हणाले, शेऱ्याबद्दल.

४ मार्च, मंगळवार

गाडी आली! दहा वाजता येणार होती, साडेबाराला आली, पण आली. अंगठा न उमटणाऱ्यांसाठी डोळ्यांचं मशीन. रुपीबाईंनी त्यात असं रोखून पाहिलं की मशीननं मुकाट्यानं ओळखलं. प्रेमसिंग पोत्यावर हात ठेवून उगाच उभे होते. मी सावलीत बसून सगळं बघत होते. फार बरं वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी सेवादास नायकांचा फोन. गाडीचं काम बघायला जिल्ह्याचे दोन साहेब उद्या तांड्यावर येणार. जेवायला तिथेच. वरण बबिताच्या घरून, भाजी प्रेमसिंगकडून, रुपीबाईंनी सगळं वाटून दिलंय.

"अन् तूप तुमच्या घरून, कुंदाताई."

फडताळ उपसून लग्नातली वाटी काढली. नाव अजून वाचता येतं.