नव्याण्णवच्या आत

बानी, शुक्रवार

प्रिय रादामेस,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. मी जिवंत आहे आणि जीभही शाबूत आहे. मंगळवारी अंगणात आंबे निवडत होते, तेवढ्यात छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. हृदयविकाराचा झटका होता. शेजारच्या तातिकानं मला मोटरसायकलवर चालकाच्या आणि स्वतःच्या मधे बसवून इस्पितळात नेलं.

डॉक्टर पेगेरो म्हणाले, हृदयाचा स्नायू दुखावला की त्यातलं एक प्रथिन रक्तात झिरपतं. आकडा जितका मोठा, तितकं हृदय जास्त गेलं. दर तीन तासांनी रक्त काढायचे. पहिला आकडा सत्तावीस. तातिकानं तो लगेच गल्लीत कळवला. तुला आपली गल्ली ठाऊकच आहे. गाडीचा नंबर असो की मेलेल्याचं वय, लॉटरीवर लावल्याशिवाय चैन पडत नाही. सत्तावीस बुडाला. मग अडुसष्ट आला, मला दरदरून घाम फुटला, आणि संध्याकाळच्या सोडतीत नेमका तोच लागला. गल्लीत नाच झाला म्हणे.

पुढचा आकडा एक्याण्णव. मी भिंतीकडे तोंड करून रडले. तातिका मात्र माझ्या छातीवर बोट रोखून म्हणाली, "हे बघ बाई, आपली सोडत दोन आकडीच असते. नव्याण्णवच्या पुढे गेलीस तर आमच्या काय कामाची? मुकाट्यानं आत राहा." पलीकडच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. डॉक्टर रागावले, "हे इस्पितळ आहे की लॉटरीचं दुकान?" आणि जाता जाता हळूच विचारून गेले, उद्या कोणता लावताय.

सकाळी त्रेचाळीस आला. उतरला, रादामेस! हृदयाचं अगदी थोडं नुकसान झालंय. गल्लीनं त्रेचाळीसही लावला, तो साफ बुडाला, पण कुणी कुरकुरलं नाही. उलट माझ्यासाठी पातेलंभर रस्सा आला.

आता खरं सांगते. भरती करताना नर्सनं विचारलं, काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं? लेकीचं नाव ओठांवर होतं, तोंडून निघालं तुझं, फोन नंबरासकट. तुझ्या डॉमिनो खेळायच्या अड्ड्याला कंटाळून तुझे कपडे मीच रस्त्यावर फेकले होते, म्हणून तातिका बघतच राहिली. घरी सोडताना नर्सनं पुन्हा विचारलं, कळवायच्या माणसाचं नाव बदलायचं का? मी नको म्हटलं. मला तुझी फार आठवण येते. उरलेलं हृदय तुझ्याशी भांडायला पुरेल का, तेही डॉक्टरांना विचारून घेतलंय. पुरेल म्हणाले. रविवारी ये, आणि कपडे घेऊनच ये.

तुझीच,
ओनेलिया