नॅस्टर्शियमला शेणखत

आई,

वाफ्यातली नॅस्टर्शियम पिवळी पडायला लागलीत. बुलडाण्याचं ऊन तुमच्या वेळचं राहिलं नाही, होळीच्या आधीच वेल माना टाकतात. सकाळपासून ओट्यावर बसून मी खाली पडलेल्या बिया वेचते आहे. वेचता वेचता तुमच्याशी बोलणं चाललंच होतं, तर म्हटलं कागदावरच बोलावं. मघाशी सून डोकावली. "आई, कोणाशी बोलून राहिल्या?" म्हणाली. मी म्हटलं, "माझ्या सासूशी." बिचारी गुपचूप आत निघून गेली.

लग्न होऊन उंद्रीहून या घरात आले तेव्हा मला फूल म्हणजे झेंडू, शेवंती आणि जास्वंद एवढंच ठाऊक. जे देवाला वाहत नाहीत, वेणीत माळत नाहीत, असलं फूल कुणी जीव लावून वाढवतं याचंच मला नवल. तुम्ही मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचात. दसरा झाला की बिया रात्रभर भिजत घालायचात, बोटानं भोक पाडून एकेक बी स्वतः लावायचात, आणि थंडीत ती केशरी-पिवळी फुलं आली की काचेच्या ग्लासात घालून वर्गात न्यायचात. मुली ती समोर ठेवून चित्रं काढत. वर्षभर तुम्ही त्या चार दिवसांची वाट बघता, हे मला आल्या आल्या कळलं. कामाच्या नादात मधूनच एखादं पान खुडून तोंडात टाकायचीही तुम्हाला सवय. आणि माती कसली, तर निव्वळ मुरूम! शेतकऱ्याच्या पोरीला ते कसं बघवणार? "आई, थोडं खत घालू का?" विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणालात, "याला जरा उपाशीच ठेवायचं असतं. पोट भरलं की फुलायचं विसरतं." मला काही ते पटलं नाही. माहेरी गेले तेव्हा बाबांपुढे बोलूनही गेले, की आमच्या सासूबाईंना फुलांची एवढी हौस आणि वाफ्यात बघावं तर नुसते खडे.

तेवढं बोलणं पुरलं. पहिल्या दिवाळसणाला मला न्यायला बाबा आले ते एस.टी.च्या टपावर शेणखताचं पोतं टाकून. कंडक्टरशी चिखलीला भांडले, म्हणे खताला कसलं आलंय तिकीट. लेकीच्या सासरी लोक पेढे आणतात, साडी आणतात. आमच्या बाबांना खतापेक्षा मोलाचं काही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे त्याहून मोलाचं काही नव्हतंही. मी आत ट्रंक भरते आहे, तुम्ही चहा ठेवला आहे. तो चहा ते घेणार नव्हतेच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि बाबा रितीला पक्के. तुम्ही तरीही कप घेऊन बाहेर आलात आणि दारातच थांबलात. बाबा वाफ्यात उकिडवे बसून, नव्या धोतराची पर्वा न करता, तुमच्या कोवळ्या रोपांना दोन्ही हातांनी खत देत होते. "मुरलेलं हाय इहीनबाई! सोनं हाय सोनं! आता पाहा फुलं कशी येतेत ते!" तुम्ही कप ओट्यावर ठेवलात. मग म्हणालात, "बरं केलंत, भाऊ." आवाज एवढासा झाला होता.

दिवाळीहून परत आले ती थेट खुरपं घेऊन वाफ्याकडे गेले. म्हटलं, वरवरचं काढून टाकते. तुम्ही मागून आलात आणि इतक्या कडक आवाजात म्हणालात, "तुझ्या वडिलांनी हातानं घातलंय ते. हात लावायचा नाही." मला वाटलं, झालं. आता हे जन्मभर ऐकावं लागणार. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पानं रोज वाढत होती. पुरीएवढी झाली, मग ताटलीएवढी. वेल ओट्यावर चढले, तुळशीपर्यंत गेले, नळाच्या तोटीला गुंडाळले. फूल मात्र नाही. तुमचे चिरंजीव म्हणायचे, "सासऱ्यांनी गालिचा पाठवलाय." मी त्यांना डोळ्यांनी गप्प करायची. तुम्ही एक अक्षर बोलत नव्हतात आणि मला त्याचीच धास्ती होती. बोलल्या असतात तर निदान रडून मोकळी झाले असते. माझं सोडा, मला माझ्या बाबांची काळजी. ते संक्रांतीला येणार होते. साऱ्या उंद्रीला सांगून येणार होते की इहीनबाईची बाग पाहून येतो.

आले. चपला काढायच्या आधी वाफ्याकडे गेले. मी दाराआडून बघते आहे. त्यांनी वाकून एक पान उचललं, दुसरं उचललं, खाली चाचपलं. शेतकऱ्याला काय सांगावं लागतं? हळूच म्हणाले, "हे त माजलं." मग तुमच्याकडे वळून, "कापसाच्या पऱ्हाटीचं भी असंच होते. खत जास्त झालं का नुसता झाडोरा वाढते, बोंड नाही धरत. मी त वाटोळं केलं तुमच्या बागेचं. मले कोणी सांगतलं काऊन नाही?" आई, माझ्या बाबांना मी कधी कुणापुढे खाली मान घालून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि तेही माझ्याच सासरच्या अंगणात.

आणि तुम्ही काय केलंत! पदर खोचलात आणि म्हणालात, "वाटोळं कसलं? फुलांची चित्रं काय, कुणीही काढतं. या वर्षी मुलींना पानं काढायला लावली, घाम फुटला त्यांना. बसा तुम्ही." मला हाक मारलीत, टोपलीभर पानं खुडायला लावलीत, आणि बघता बघता भजी तळून ताटली त्यांच्यापुढे ठेवलीत. बाबा मागे सरकले. "नाही इहीनबाई, लेकीच्या घरचं नाही चालत." तुम्ही तयारच होतात. "लेकीच्या घरचं यात काय आहे? पानं तुमच्या खताची. बेसन दिवाळीला तुम्हीच लेकीबरोबर धाडलेल्या डाळीचं. तेल तेवढं आमचं, ते सोसा." बाबा ताटलीकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलं. मग उठून हात धुऊन आले आणि एक भजं तोंडात टाकलं. "भल्ली तिखट हायेत!" म्हणून हसले. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, नाका-डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाले, "पोरी, पाणी आण." या घरातलं पाणी! मी तांब्या भरताना अर्धं पाणी सांडलं. मोरीत उभी राहून आधी रडून घेतलं, मग बाहेर आले. इतकं हलकं मला लग्नानंतर प्रथमच वाटलं होतं.

बाबा गेले, तुम्हीही गेलात, अंगण माझ्याकडे आलं. आणि यंदा दिवाळीच्या तोंडावर सुनेचे वडील नांदुऱ्याहून आले. माणूस देवासारखा, जन्म सरकी-कापसाच्या व्यापारात गेला. येताना काय आणावं? सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडेचं, पोतं! "ताई, तुमच्या फुलझाडांसाठी. गाय खाते त दूध देते, झाडानं खाल्लं त काय नाही देणार?" मी आत चहा टाकून बाहेर येईपर्यंत वाफाभर ढेप चुरून मोकळे. माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, गल्लीला ठाऊक आहे. "अहो, हे काय करून बसलात!" अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात दारात सून दिसली; याला उपाशी ठेवतात हे तिला माझ्याकडूनच ठाऊक. ओढणीचं टोक पिळत उभी, बापाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत. देवा रे, मीच ती! शब्द गिळला. म्हटलं, "कशाला एवढा त्रास घेतलात, आता बघा कशी वाढतील." पोरीनं श्वास सोडला तो मला तिथवर ऐकू आला. मलाही हायसं वाटलं. वर्षानुवर्षं मला भीती होती की वेळ आली की माझ्या तोंडून भलतंच निघेल. नाही निघालं, आई.

पण पुढचं ऐका. त्यांची बस सुटली असेल-नसेल, मी खुरपं घेऊन वाफ्यात. तुमच्याइतकं मोठं मन नाही माझं. मला फुलं हवी होती. ढेप खरवडते आहे तर मागून, "आई, काय करून राहिल्या?" चोर पकडल्यागत झालं. "मुंग्या होतात गं," म्हटलं. ती आत गेली आणि घमेलं घेऊन आली. "मी तुम्ही झोपल्यावर हेच करणार होती," म्हणाली. मग आम्ही दोघी अशा हसत सुटलो की शेजारीण गच्चीवर आली बघायला. ढेप त्या शेजारणीच्याच गाईला दिली. फुलं आली, भरपूर आली. सुनेनं वडिलांना मोबाईलवर फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, "पाहा, ढेपेचा गुण!" आम्ही दोघींनी हो म्हटलं.

हे पत्र टाकणार कुठं, आणि टाकायचं तरी कशाला. तुमची आठवण येते हो, बिया भिजत घालताना तर हटकून येते. पण तुम्ही असतात तर मी खुरप्याला हात लावला नसता, सून घमेलं घेऊन आली नसती, आणि आम्ही दोघी तशा हसलोही नसतो. तुम्ही नाही आहात याचं मला त्या संध्याकाळी, अगदी घडीभर, बरं वाटलं.