इंग्रजीतली सिंपल

कितो शहर

प्रिय आई,

आधी आशीर्वाद दे, मग ऐक. मी ठीक आहे, वेळेवर जेवते, थंडीत स्वेटर घालते. तुझा गुडघा कसा आहे? लपवू नकोस. मी क्लासमध्ये भांडले, हे माझ्या वर्गातल्या त्या चोंबड्या एल्मेरनं कळवलंच असेल. पण कशावरून ते माझ्याकडूनच ऐक.

कॅनडात नर्स व्हायचं तर इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागते. तिच्या सरावात सरांनी मला आईबद्दल बोलायला सांगितलं. मी म्हणाले, “माझी आई सिंपल आहे.” मला साधी म्हणायचं होतं गं!

सर हसत म्हणाले, “इंग्रजीत माणसाला सिंपल म्हटलं की डोक्यानं कमी, असा अर्थ होतो. तुझी आई तशीच आहे का?” सगळा वर्ग खिदळला.

माझं डोकंच फिरलं. “शब्द चुकला तर शब्द सुधारा, माझ्या आईवर कशाला जाता?” बाबा खाणीत गाडले गेले तेव्हा त्यांना वर काढेपर्यंत तू फाटकापुढे आडवी पडून राहिलीस, साहेबाची गाडी हलू दिली नाहीस, हेही सुनावलं.

“पुरे. आता तोच शब्द नीट वापरून दाखव,” सर म्हणाले.

मी इंग्रजीत म्हणाले, “आमचं घर सिंपल आहे. माझी आई सिंपल नाही.”

कोणी हसलं नाही. सर फळ्याकडे वळून पुटपुटले, “वाक्य बरोबर आहे.” माफी मात्र मागितली नाही. मी अजून धुमसतेय. उद्या मुद्दाम पहिल्या बाकावर बसणार आहे.

तुझीच तापट लेक,
नेलिदा