इनकमिंगलाही पैसे पडतात

४ सप्टेंबर
पुन्हा तेच. बाबांचा फोन. त्यांचं 'कशी आहेस' संपायच्या आत मी म्हटलं, "बाबा, रोमिंग आहे. इनकमिंगलाही पैसे पडतात." — "हो हो, विसरलोच. जावईबापू बरे ना? ठेवतो." खट्!
सुटले. मग जेवण काही गेलं नाही.

६ सप्टेंबर
चष्म्याच्या दुकानात माझ्याबरोबर काम करणारी कॅशियर हात धुऊन मागे लागली आहे. "अगं, परराज्यात येऊन इतके महिने झाले, अजून जुनंच सिम? इथलं घे ना! येणारे फोन फुकट!" मी लेन्स घासायच्या यंत्रावर मान खाली घालून बसले. तिला काय सांगू — फुकटच तर नकोय मला! फोन फुकट झाले की बाबा निवांत बोलणार. 'जरा जावईबापूंना दे' म्हणणार. कुठून देऊ? तो तिकडेच आहे, आमच्या जुन्या घरात, त्या दुसरीबरोबर. बाबांच्या लेखी मात्र आम्ही दोघं बदली होऊन इकडे आलोय आणि गोडीगुलाबीने नांदतोय.
त्याने एक उपकार केला. म्हणाला, "तुझ्या बाबांना मी काही सांगणार नाही. तुला जमेल तेव्हा तूच सांग." मला जमतच नाही. हे स्थळ बाबांनीच शोधलेलं. जावयाचं कौतुक सांगताना त्यांचं तोंड दुखायचं नाही. त्यात गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही नको.
अर्ध्या मिनिटाच्या फोनात खोटं निभावून नेता येतं. त्याहून जास्त नाही जमत मला.

११ सप्टेंबर
काही नाही. डोकं दुखतंय.

१२ सप्टेंबर
भर गिऱ्हाइकीत बाबांचा फोन. मी — "बाबा, रोमिंग..." ते — "माहितीय गं. बरं, येतो." बंद. आज त्यांनाच घाई होती. बरं झालं.

१३ सप्टेंबर
दुपारी एका आजोबांना चष्मा बसवून दिला. उठता उठता म्हणाले, "येतो, बाई." आणि मला कालचा फोन आठवला. बाबा काल 'येतो' म्हणाले! फोनवर 'येतो' कोण म्हणतं? 'ठेवतो' म्हणतात! बाबा जन्मात कधी फोनवर 'येतो' म्हणालेले नाहीत.
लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती...' त्या बाईचा गळा धरावासा वाटला! मग बाबांच्या शेजारच्या काकूंना लावला — रोमिंग गेलं खड्ड्यात! "अगं, ते सकाळीच बॅग घेऊन निघाले. तुझ्याकडेच ना? तुला माहीत नाही?"
राज्याबाहेर पडले की बाबांचा फोन मुका. तेवढा बॅलन्स ते कधी ठेवतच नाहीत. तसला आजार झालेला माणूस, एकटा, एवढा प्रवास! वाटेत काही झालं तर मला कोण कळवणार? आणि पोचले तर — खोलीत एक पलंग, एक टॉवेल, एक ब्रश. बाबा सुखरूप यावेत म्हणून हात जोडते आणि त्याच वेळी शेजारणीकडून पुरुषाच्या चपला मागून आणाव्यात का, असंही मनात येतं. लाज वाटते स्वतःची.

१४ सप्टेंबर
स्टँडवर जाऊन आले. गाडी आलीच नाही. खिडकीवरच्या माणसाला काही पत्ता नाही, "येईल हो!" म्हणून मोकळा. कॅशियर म्हणाली, "हॉस्पिटलांत चौकशी करूया का?" मी तिच्यावर खेकसले. ती बिचारी तरी बरोबर थांबली.
संध्याकाळी अनोळखी नंबर वाजला. उचलला — कंपनीवाले! रोमिंगचं पॅक घ्या म्हणे. शिव्याच घातल्या.

१५ सप्टेंबर
आले बाबा! गाडी वाटेत बंद पडली होती. दाढी वाढलीय, बाकी धडधाकट. मी त्यांच्या गळ्यातच पडले.
त्यांनी खोली बघितली. पलंग बघितला. मी सुरू केलं, "हे कामासाठी बाहेर..." तर म्हणाले, "राहू दे. मागे त्याला फोन केला होता मी. म्हटलं, पटकन बोलतो, तुम्हाला रोमिंग पडत असेल. तर म्हणाला, मला कुठलं रोमिंग?"
"कधी, बाबा?"
"तू इकडे आलीस त्याच आठवड्यात. म्हटलं, आपणहून सांगेल पोर."