वेल्डरकाकांची अट

प्रिय पप्पा,

प्रभूमध्ये तुम्हाला आणि मम्मीला सलाम.

मी मजेत आहे. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, कारण बोटाला पट्टी आहे. काळजी नको, दारात सापडलं, एवढंच. माझ्या हातातलं बायबल बघून ज्यांनी दार धाडकन लावलं, त्या रिटायर वेल्डरकाकांनीच मग पट्टी द्यायला आत घेतलं. तेव्हा त्यांचा पाय दिसला. शुगरची जखम, वाकता येत नाही, घरात दुसरं माणूस नाही. आता मी रोज जाते. त्यांची अट एकच: येशूचं नाव काढायचं नाही. मी काढत नाही. मनातल्या प्रार्थनेला त्यांची अट लागू नाही.

आमच्या इथल्या मिशनच्या वरिष्ठ बाई भडकल्या. "तुला शुभवर्तमान सांगायला आणलंय, मलमपट्टी करायला नाही."

मी म्हटलं, "मग त्या जखमेला तसं सांगा, थांबेल ती."

तेव्हापासून बोलणं बंद आहे. जेवायला मात्र वाढतात.

आणि आता तुमचं पत्र! "वर्ष झालं, एकही माणूस प्रभूकडे आला नाही, परत ये." पप्पा, मी येणार नाही. मम्मीची समजूत घाला, आणि तिचे गुडघे कसे आहेत ते खरं खरं लिहा.

तुम्ही मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं लोकांच्या जखमा बांधल्यात. पट्टी गुंडाळायला मी तुमच्याच शेजारी बसून शिकले. त्या लोकांतले किती जण रविवारी उपासनेला आले, तेवढं कळवा. मग मी बॅग भरते.

तुमच्यावरच गेलेली,
धाकटी